तीन दिवसांची कौलं

"आई! अहो आई! कधीची हाका मारतेय मी!"

सून पुढ्यात येऊन उभी राहिली तेव्हा कुठे सासूला कळलं.

कौलांच्या भट्टीवर तिला सगळे कानवाली म्हणत. एकतीस वर्षं एकच काम. भाजून आलेलं कौल डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचं, लाकडी हातोडीने हलकेच टोला द्यायचा. खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं तर आत तडा आहे, दिसो वा न दिसो; कौल बाजूला. आणि गेल्या सोमवारी सगळीच कौलं बद्द वाजू लागली. माती बिघडली म्हणत तिने भट्टीवाल्याला फैलावर घेतलं. त्याने एक कौल उचलून वाजवलं नि हसला, "काय कानवाली, झोप झाली नाही वाटतं?" माती चांगली होती. कान गेले होते; समोर येऊन मोठ्याने बोललेलं तेवढं कळायचं. मग काम जाईल, नाव जाईल या धास्तीने तीन दिवस तिने हातोडीचं नुसतं सोंग केलं आणि सगळी कौलं पास करून टाकली. ती सगळी नव्या दवाखान्याला गेली.

"दवाखान्यावाल्या मॅडमचा फोन होता," सून सांगत होती. "कौलं लावून झाली. बघायला बोलावलंय तुम्हाला."

कौलं छपरावर जातात एवढंच तिला ठाऊक. इथे दवाखान्याच्या अंगणात मॅडमनी ती पोलादी तारांत ओवून बाकांच्या वर, उन्हाला आडोसा म्हणून टांगली होती. खालच्या बाकावर एक पोटुशी बाई डुलक्या घेत होती. वारा आला, कौलं हलली, आणि कानवालीला काहीसुद्धा ऐकू आलं नाही.

"वाऱ्यावर किती गोड वाजतात ना?" मॅडम तिच्या कानाशी येऊन म्हणाल्या.

नुसतं हसून घरी जाता आलं असतं. पण तिने जाऊन त्या बाईचा दंडच धरला.

"उठ गं बाई, आधी उठ तिथून! मॅडम, सगळी उतरवा. मला ऐकू येत नाही. तीन दिवस मी खोटंच वाजवलंय."

"आई, काय बोलताय हे!" सून घाबरून म्हणाली. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्यांनी शिडी मागवली.

अंगणात प्रत्येक बाकावरच्या कौलांचा वेगळा ढीग लागला. कानवालीने पिशवीतली हातोडी काढून सुनेला दिली. "तुला शिकवलंय मी. वाजव."

सून वाजवत होती आणि कानवाली तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बसली होती. दहा झाली, तीस झाली, सगळी चांगली. उगाच अब्रू घालवली की काय, असंही मनात येऊन गेलं. एक्केचाळिसाव्या कौलाला सुनेच्या भुवया आक्रसल्या. तिने पुन्हा टोला दिला, सासूकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"कुठलं हे?" कानवालीने विचारलं.

शिडीवरच्या माणसाने बोट दाखवलं. पोटुशी बाई बसली होती, त्याच बाकाच्या वर.

कानवालीने ते कौल आपल्या मांडीवर घेतलं आणि पुढचं सुनेच्या हातात दिलं.