शेवगा कुणाच्या अंगणात

त्या गाड्या पळवायच्या गेमला आग लागो. थोडे दिवस खेळले आणि मितेशला, म्हणजे माझ्या मुलाला, सांगितलं की हा आधी माझ्या डोळ्यांसमोरून काढ. एवढी मोठी गाडी, एवढा गुळगुळीत रस्ता, आणि जायचं कुठं? कुठंच नाय. गोल फिरून परत तिथंच यायचं आणि वर टाळ्या. पनवेल स्टेशनबाहेर रिक्षावाले दिवसभर तेच करतात, त्यांना कोण टाळ्या वाजवतं?

हसू नका. मी रंभा, साठीला टेकले, आणि मी गेम खेळते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरनं बाहेर जाणंयेणं बंद केलं. आमी राहतो सातव्या मजल्यावर, खाली उतरलं तरी ओळखीचं कुत्रं भेटत नाय. मालिका बघून डोकं उठलं. त्यातल्या बायका दागिने घालून एकमेकींकडे नुसत्या बघत बसतात, एक धड शिवी देत नायत. तेव्हा माझी सून अंकिता, तिनं मितेशचा गेमचा डबा टीव्हीला जोडला आणि रिमोट माझ्या हातात दिला. त्याला रिमोट म्हणत नायत म्हणे, कंट्रोलर म्हणतात. म्हणू देत. पोर गुणाची हाय. माझ्या लेकाला जे सुचलं नाय ते तिला सुचलं.

गाड्यांनंतर बंदुकांचा गेम. त्यात सगळे एकमेकांना का मारतात हे मला अजून कुणी सांगितलेलं नाय. भाऊबंदकी नाय, जमिनीचा वाद नाय, कुणाची पोरगी पळवलेली नाय. विमानातून उडी मारली की लागले गोळ्या घालायला. अरे, आधी विचार तरी, कुठला तू, कुणाचा? आणि कानात कुठली कुठली पोरं हिंदीतून शिव्या देतात. एकानं मला "अंकल" म्हटलं. मी त्याला आमच्या भाषेत असं काय सुनावलं की तो गपगार झाला, आणि मग हळूच विचारतो, "आंटी, आप कहाँ से हो?" म्हटलं, पनवेल से, ये इधर, तंगडी तोडके हातात देते.

क्रिकेटचा त्यातल्या त्यात बरा. पण आमच्याकडे गावच्या टूर्नामेंटमध्ये बॉल खाडीत गेला की चौकार का षटकार यावरून अर्धा तास कालवा चालायचा, माइकवरचा माणूस दोन्ही टीमच्या बापांचा उद्धार करायचा. या गेममध्ये अंपायरनं बोट वर केलं की खेळाडू मान खाली घालून चालू पडतो. एक शब्द बोलत नाय. असल्या लोकांबरोबर काय खेळायचं?

पण सगळ्यात खोटा कुठला विचाराल तर शेतीचा. भात लावलं की उगवतंच. खाडीचं खारं पाणी बांध फोडून आत येत नाय. शेजारी बांध कोरत नाय. आणि तुमी शेतात उभे असताना मोजणीवाले दुर्बीण घेऊन येत नायत. वर्षानुवर्षं खेळा, जमीन तुमचीच. हा गेम ज्यानं बनवला त्याची जमीन कधी गेली नसणार. मी तो खेळता खेळता रडले, आणि रडले म्हणून आणखी चिडले.

आमचं गाव विमानतळाखाली गेलं. त्याचं रडगाणं मी गाणार नाय. प्लॉट मिळाले, पैसे मिळाले, आमी घेतले. पण गाव पांगलं ते पांगलंच. कोण करंजाड्याला, कोण गव्हाणला, कोण लेकाकडे नेऱ्याला. आता आमच्या गॅलरीतून विमान खाली येताना दिसतं, तेव्हा ते नेमकं माझ्या चुलीवर उतरतंय असं वाटतं आणि माझं डोकं फिरतं.

म्हणून मला तो ठोकळ्यांचा गेम आवडला. त्यात मोकळं रान असतं. दगड फोडा, लाकूड तोडा, ठोकळ्यावर ठोकळा ठेवा, काय बांधायचं ते बांधा. रात्री भुतं येतात घरं फोडायला, ती अंकितानं बंद करून दिली. त्यालाही मी नावं ठेवली, नाय असं नाय. त्यातल्या पाण्याला भरती नाय, ओहोटी नाय, त्यामुळे मिठागर काय करता येईना. पण बाकीचं गाव मी बांधलं. आधी गावदेवीचं देऊळ, मग विहीर, मग वाटेच्या दोन्ही बाजूंची घरं, एकेक करून. वर्ष गेलं त्यात.

अंकितानं त्याचा फोटो काढून गावच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. झालं! दुपारी बायका यायला लागल्या. कुणी सुकट आणली, कुणी तांदळाच्या भाकऱ्या. टीव्हीसमोर फतकल मारून बसायच्या आणि मला झापायच्या. "रंभे, माझं दार निळं होतं, हिरवं नाय." "अगं, आमची पडवी पुढं होती." "विहिरीची पायरी फुटकी होती, ती का नाय फोडलीस?" मी शिव्या देत देत सगळं नीट केलं. पायरीपण फोडली. एकीनं स्वतःच्या ओट्यावर मला जरा वेळ नुसतं उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. ती बघत बसली.

शेवटी आली गोदूबाई. ही माझी सख्खी शेजारीण, आता लेकाकडे गव्हाणला असते. आमच्या दोघींच्या अंगणांच्या मधे एक शेवगा होता. तिचं म्हणणं, झाड तिच्या सासऱ्यानं लावलं, म्हणून तिचं. माझं म्हणणं, लावलं असेल, पण बुंधा माझ्या अंगणात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे चालू. दोघींचे नवरे गेले, गाव गेलं, झाड गेलं, भांडण राहिलं.

ती बसलीसुद्धा नाय. उभ्या उभ्या टीव्हीवर नजर टाकली आणि म्हणाली, "शेवगा कुठं लावलास गं?"

"जिथं होता तिथं."

"तुझ्या अंगणात नव्हता तो."

"डोळ्यांचं ऑपरेशन करून घे, गोदे."

तशी ती टीव्हीजवळ गेली आणि काचेवर वीत लावून मोजायला लागली. "हा माझा ओटा. ओट्यापासून शेवगा एक वीत. तू दोन वीत लांब नेलास. चोरटी ती चोरटीच!"

"टीव्हीवर वीत लावतेस, गाढवे?"

तिनं माझ्या हातातला कंट्रोलर ओढला. काय दाबलं देव जाणे, माझ्या गोठ्याची भिंत गेली. मग मी काय गप्प बसते? आमी दोघी ते डबडं धरून अशी ओढाताण करत होतो की अंकिता मधे पडली म्हणून निभावलं. गोदी चहा न घेता निघाली. दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "परत तुझा उंबरा ओलांडणार नाय. माझ्या शैलेशलापण ओलांडू देणार नाय."

बाकीच्या बायकांमध्ये लगेच दोन पार्ट्या पडल्या. अर्ध्या म्हणायला लागल्या शेवगा रंभाचा, अर्ध्या गोदीचा. ग्रुपवर एवढा धुरळा उडाला की अंकितानं माझा फोनच काढून घेतला.

आता शैलेश म्हणजे गोदीचा लेक, आणि तो आणि माझा मितेश मिळून प्लॉटचे व्यवहार करतात. आईनं शपथ घातली म्हणून तो आमच्याकडे यायचा बंद झाला, त्यांचं काम अडलं. मितेश माझ्यावर भडकला. "आई, एका खोट्या झाडावरून? जे नाहीच आहे त्याच्यावरून?"

"झाड खोटं नाय," मी म्हटलं. "तू त्याच्या शेंगांच्या आमटीवर वाढलास."

"मग दे ना लावून तिच्या अंगणात! एका बटणाचं काम आहे!"

"मरेन, पण लावणार नाय."

तो उठून आत गेला. तिथंच मला कळायला हवं होतं, कारण हा भांडण अर्धं सोडणारा मुलगाच नाय.

आठवड्यानं मी आणि अंकिता गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलो. परत आले, पाणीसुद्धा न पिता टीव्ही लावला. गोठ्याची भिंत घालायची राहिली होती. बघते तर गाव नाय. यादीत माझ्या गावाचं नावच नाय. मला वाटलं, माझंच काय चुकलं. अंकितानं बघितलं, परत बघितलं, आणि माझ्याकडे न बघता मितेशकडे बघितलं.

तो जेवत होता. म्हणाला, "मी काढलं. ना झाड, ना भांडण. शैलेशलापण फोन करून सांगितलं, मिटलं म्हणून. तू नवीन काहीतरी खेळ ना, आई. गेम काय, दुसरा आणू."

मी काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाय. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं, एवढं सांगते. पण एक वाक्य सांगते, कारण त्यावर त्याचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "पहिल्यांदा गाव उठवलं तेव्हा नोटीस तरी आली होती रे."

त्या दिवशी मी जेवले नाय. अंकितानं नाना ठिकाणी शोधलं, कुठं कुठं फोन लावले, गाव काय परत आलं नाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात गोदी. गव्हाणहून उन्हातून आलेली, घामानं भिजलेली. मला वाटलं, शैलेशकडून कळलं, आली मजा बघायला. माझं टाळकं सणकलं. "ये," म्हटलं, "बघ. तुझा शेवगापण गेला. झालं समाधान?"

ती मला बाजूला सारून सरळ आत गेली. मितेश सोफ्यावर होता. तिला बघून खूश झाला. "बरं झालं काकी, आलात. मिटलं ना एकदाचं?"

गोदीनं त्याचा कान धरला. एवढा मोठा पोट सुटलेला माणूस, पण कान धरून उभा केला.

"माझं अंगण खाल्लं तर हिनं खाल्लं," ती ओरडली. "ही माझी शेजारीण हाय. हिचा हक्क हाय तो! तू कोण रे माझं घर पाडणारा?"

"काकी, अहो, ते गेममधलं—"

"गप! माझा ओटा होता तिथं. माझी तुळस होती. मी एकदाच बघितलं, ते पण भांडता भांडता. मला वाटलं, आता सावकाश येईन, बघेन." एवढं बोलून तिनं कान सोडला आणि पदरानं तोंड पुसलं. मितेश कान चोळत उभा राहिला. मला म्हणाला, "आई, मला खरंच कळलं नाही." मी त्याला अजून नीट माफ केलेलं नाय.

गोदी टीव्हीसमोर बसली, कंट्रोलर उचलून माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "लाव."

अंकितानं नवीन रान काढून दिलं. नुसतं गवत. रागाच्या भरात माझे ठोकळे भलतीकडेच पडत होते. गोदी बाजूला बसून बोटानं दाखवत होती. आधी गावदेवी. मग विहीर, फुटक्या पायरीसकट. मग तिचा ओटा, तिची तुळस. मग माझा ओटा. संध्याकाळ झाली तेव्हा आमची दोन घरं शेजारी शेजारी उभी होती आणि मधली जागा रिकामी होती.

मी तिच्याकडे बघितलं नाय. शेवगा घेतला आणि तिच्या अंगणात लावला, तिच्या ओट्यापासून एक वीत.

"हे काय?" गोदी म्हणाली.

"तुझा शेवगा."

"उपकार करतेस माझ्यावर?" ती ताडकन उभी राहिली. "उपट तो! लाव तुझ्या अंगणात, होता तिथं. नायतर मी उद्या इथं कशाला येऊ?"

मी तो उपटला आणि माझ्या अंगणात लावला, चांगला दोन वीत आत.

"चोरटी," गोदी म्हणाली, आणि अंकिताला चहा टाकायला सांगितला.