बिनगिअरची

आमच्या घरात गाडी कुठली घ्यायची ते पुरुष ठरवतात. भाकऱ्या बायका थापतात, धूर बायका खातात, ऑर्डरी बायका धरून आणतात, आणि त्याच भाकऱ्या पोचवायला गाडी घ्यायची म्हटलं की मिशा बोलायला लागतात. कुणाला राग आला तर त्याने आधी आपल्या घरात विचारून बघावं, मग माझ्याकडे यावं.

मी कमळ, राहणार शेलार गाव. मी आणि माझी जाऊ चंद्रा, दोघी साखरपुड्याला आणि हळदीला तांदळाच्या भाकऱ्या करून देतो. तव्यावरून काढलेली भाकरी पंच्यात गुंडाळून टोपलीत ठेवली तर तासभर मऊ राहते. नंतर तिने खिळा ठोकावा. आमच्या टोपल्या पोचवायचा पुतण्या दीपेश, त्याच्या टेम्पोतून. पण दीपेशला गोदामाचा फोन आला की त्याला काकी आठवत नाही. मागे एका हळदीला भाकऱ्या इतक्या उशिरा पोचल्या की नवऱ्या मुलाचा मामा भर मांडवात ओरडला, "ही कौलं कोणी मागवली रं?" पुढचा सगळा हंगाम लोक मला बघून घराकडे बोट दाखवायचे, "कमळकाकी, आमचं छप्पर गळतंय."

म्हणून गाडी हवी होती. जुनी, डिझेलची, मागे टोपल्या मावतील अशी पिकअप. आणि ती मीच चालवणार होते. हे घरात सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर गाडीच आली नसती.

लायसन माझ्याकडे होतं. नारपोलीत एका क्लासला जाऊन काढलं होतं. शिकले म्हणजे काय, तर मास्तरांच्या पायाखाली दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक होता. क्लच ते दाबायचे, ब्रेक ते दाबायचे, हॉर्न तेवढा माझा. तो मात्र मी उत्तम शिकले. बाकी माझा सगळा जन्म बिनगिअरच्या स्कूटरवर गेला.

तर त्या शुक्रवारी काल्हेरच्या एका हॉलवर साखरपुडा होता, दुपारचं जेवण. वाटेवर लडकूशेठचं जुन्या गाड्यांचं आवार. दीपेशने आम्हाला तिथे उतरवलं आणि टोपल्याही उतरवल्या. "काकी, तुम्ही गाडी बघा. मी एक फेरी मारून आलोच." टोपल्या खाली ठेवल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आम्ही चौघं होतो. मी, चंद्रा, माझा नवरा रामनाथ आणि चंद्राचा नवरा केसरीनाथ. केसरीनाथ तरुणपणी रेतीचा डंपर चालवायचा. तेव्हापासून रस्त्यावरच्या प्रत्येक चाकाबद्दल त्याचं मत तयार असतं.

शेठने दोन पिकअप दाखवल्या. एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या, एकाच मळकट पांढऱ्या रंगाच्या. एक गिअरवाली, दुसरी ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक हा शब्द शेठने एकदाच वापरला. पुढे सगळे तिला बिनगिअरचीच म्हणाले, आणि तिथेच घोळ झाला.

"बिनगिअरची बायका चालवतात," केसरीनाथ म्हणाला.

"मग बराय की भावोजी. भाकऱ्या काय रेडे थापतात?"

चंद्रा तोंडाला पदर लावून हसली. रामनाथने घसा खाकरला. हा माणूस घसा खाकरतो तेव्हा समजायचं की त्याला काही म्हणायचं नाही, पण कोणी त्याला विचारलं नाही याचं दुःख झालंय.

"यात सगळं आपोआप होतं," शेठ म्हणाला.

"आपोआप होतं तर माणूस कशाला पायजे मग?" असं म्हणत केसरीनाथ बिनगिअरचीत बसला. शेठ फोनवर बोलत बाजूला गेला. चावी फिरली, इंजिन घुरघुरलं. केसरीनाथने दांड्याजवळची अक्षरं बघितली. पी, आर, एन, डी.

"सोपं हाय," तो म्हणाला. "पी म्हणजे पिकअप. गाडी पिकअप हाय ना, म्हणून. आर म्हणजे रनिंग. एन म्हणजे नाईट. डी म्हणजे डिझेल."

"डिझेलला अक्षर कशाला?" चंद्राने विचारलं.

"पंपावर लावायचं, गो. टाकीचं झाकण उघडतं."

"भावोजी," मी म्हटलं, "आर म्हणजे रिव्हर्स असेल."

तो माझ्याकडे बघून असा हसला, जसा मास्तर ढ पोरीकडे बघून हसतो. "वहिनी, रिव्हर्स हा काय हाय? गिअर हाय. आणि ही गाडी कशी हाय? बिनगिअरची. जिला गिअरच न्हाय तिला रिव्हर्स गिअर कुठून येणार? तुझ्या स्कूटरला हाय काय रिव्हर्स?"

"न्हाय."

"मग!"

"बरोबर हाय त्याचं," रामनाथ म्हणाला. खरं सांगते, क्षणभर मलाही पटलं. मूर्खपणा असा पायरी पायरीने चढत आला की शहाणा माणूसही त्याला वाट देतो.

केसरीनाथने फाटकाकडे तोंड केलं, दांडा रनिंगवर आणला आणि डंपरला द्यावा तसा अॅक्सिलेटर दिला. गाडी मागे गेली. मागे टायरांचा डोंगर होता. तो डोंगर गाडीवर कोसळला, आणि एक टायर तेवढा शहाणा निघाला, तो फाटकातून बाहेर पडून सरळ ठाण्याच्या दिशेने गेला. बाहेर कोणीतरी हिंदीत त्याच्या आईची चौकशी केली.

टायरांतून वाट काढत केसरीनाथ उतरला. "रनिंग हाय," तो म्हणाला, "पण उलटं."

शेठने फोन खिशात टाकला. फुटलेला मागचा लाल दिवा बघितला, मग केसरीनाथला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "दिव्याचं काय ते ठरेपर्यंत तू हितंच. आणि माझ्या आवारात स्टिअरिंगला हात लावायचा न्हाय. चहा पायजे तर पी."

"पी म्हणजे पिकअप," चंद्रा पुटपुटली.

रामनाथला आयतंच झालं. "बघितलं? बिनगिअरचीचं काय खरं न्हाय. आपण गिअरवाली घेऊ."

मी त्याच्या डाव्या गुडघ्याकडे बघितलं. तो गुडघा कबड्डीत गेला, त्याला जमाना झाला. डॉक्टरने तोंडावर सांगितलंय की क्लच दाबायचा नाही. सकाळी भिंतीला धरून जिना उतरतो, मांडी घालून जेवायला बसता येत नाही, तरी त्या गुडघ्याचं घरात नाव काढायचं नाही. पुरुषाचा गुडघा दुखत नसतो. फार तर हवा बदललेली असते.

तेवढ्यात हॉलवरून निशाताईंचा फोन आला. मुलीची आत्या, ऑर्डर त्यांचीच. "कमळ, पंगत बसायची वेळ झाली. भाकऱ्या कुठायत? का आम्ही पण कौलं खायची?"

म्हणजे काल्हेरपर्यंत पोचलं होतं ते. दीपेशला फोन लावला तर मागून हमालांचा आरडाओरडा. "काकी, लोडिंगला लागलोय, अर्ध्या तासात..." मी फोन ठेवला. दीपेशचा अर्धा तास म्हणजे संध्याकाळ.

"शेठ," मी म्हटलं, "रिकाम्या गाडीची ट्रायल काय घ्यायची? आम्ही माल भरून बघणार." आणि शेठने तोंड उघडायच्या आत चंद्राने आणि मी टोपल्या गिअरवालीत चढवल्या.

रामनाथ स्टिअरिंगवर बसला, मी शेजारी, चंद्रा मागे टोपल्यांना धरून. फाटकातून बाहेर पडलो आणि जाम लागला. काल्हेरला जाम लागतो असं म्हणणंच चूक आहे. काल्हेरला जाम असतोच, आपण जाऊन त्याला लागतो. शेतं आम्ही दिली, गोदामं कंपन्यांनी बांधली, आणि आता त्यांच्या कंटेनरच्या ढुंगणामागे उभं राहून आमच्याच शेतातून आम्हाला वाट मागावी लागते.

गाडी हातभर सरकली की क्लच. हातभर थांबली की क्लच. रामनाथच्या कपाळावर घाम आला.

"अहो, दुखतंय?"

"न्हाय."

"पाय थरथरतोय तुमचा."

"गाडी थरथरतेय. डिझेल हाय."

पुढच्या हातभराला त्याने दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा खाली दाबला. स्टिअरिंगला तेव्हा कोणीच नव्हतं. त्याच्या पुढच्या हातभराला गुडघा अडकला तो अडकलाच. क्लच सुटला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. मागून भोंगे सुरू झाले. रामनाथ समोर बघत बसला, जसा काही तो मुद्दामच थांबलाय.

शेवटी बाजूच्या गोदामाच्या हमालांनी "भाभी, पीछे लेना है क्या?" असं विचारलं आणि धक्का मारत आम्हाला उलटं आवारात आणून सोडलं. "गिअरवालीचा हा फायदा," शेठ म्हणाला. "धक्का मारता येतो."

पंच्यात हात घालून बघितलं. भाकऱ्या अजून मऊ होत्या, पण वाफ गेली होती.

"शेठ, बिनगिअरचीची चावी द्या."

"ड्रायव्हर नमाजाला गेलाय, येईलच. थांबा थोडं."

"भाकरी थांबत न्हाय." मी पर्समधून लायसन काढून त्याच्या हातात दिलं. फोटोत मी घाबरलेली दिसते. तेव्हा होते.

"तू?" रामनाथ म्हणाला. "पिकअप?"

"तुम्ही शेजारी बसा. कुणी विचारलं तर तुम्ही मालक."

टायर बाजूला सारले, टोपल्या इकडच्या तिकडे चढवल्या. बसले. डावा पाय कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून सवयीने मांडी घालून वर घेतला, चुलीपुढे बसते तसा. उजवा पाय ब्रेकवर. दांडा डी वर.

"डिझेल?" रामनाथने घाबरून विचारलं.

"डी म्हणजे दे सोडून." ब्रेक सोडला आणि गाडी पुढे गेली. पुढे! स्कूटरसारखीच, फक्त दारं असलेली. जामात हातभर सोडायचं, हातभर दाबायचं. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला अंदाज शिकवावा लागत नाही. आणि हॉर्न तर मला क्लासमध्येच आला होता. त्याच्यावर दोन टेम्पो बाजूला झाले.

रामनाथचा डावा पाय मात्र मी प्रत्येक वेळी थांबले की पायपुसण्यावर क्लच दाबत होता. बऱ्याच वेळाने तो थांबला. त्याने वाकून खाली बघितलं.

"तुझा डावा पाय कुठाय?"

"मांडीत."

"मग क्लच?"

"न्हायच."

"म्हणजे डाव्या पायाला कामच न्हाय?"

"न्हाय."

"दिवसभर?"

"दिवसभर."

तो खिडकीतून बाहेर बघायला लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरलं. गाडी तर मला हवी तीच येणार होती. पण माझी जागा गेली होती. या माणसाला आताच कळलं होतं की ही गाडी त्याला चालवता येईल.

हॉलपाशी पोचलो. वॉचमन म्हणाला, "गाडी पीछे लो, किचनच्या दरवाज्याला." मांडवातले पुरुष बघायला वळले. रामनाथ उतरून माझ्या दाराशी आला.

"उतर. मी घेतो मागं."

"माझ्याच्याने होईल."

"लोकं बघतात, कमळ."

उतरले. काय करणार, लोक खरंच बघत होते. रामनाथ ऐटीत बसला, आर लावला. "आर म्हणजे रिव्हर्स," त्याने वॉचमनला सांगितलं. गाडी मागे सरकली. आणि थांबायची वेळ आली तशी त्याचा डावा पाय जुन्या सवयीने क्लच दाबायला खाली गेला. तिथे होता ब्रेक. मोठा, रुंद. गाडी अशी गचकली की मागे टोपल्या धरून बसलेली चंद्रा ओरडली, "मेले गो बाय!"

पुन्हा सोडला, पुन्हा गचका. उचकी लागलेल्या म्हशीसारखी गाडी किचनकडे निघाली. मांडवात कोणीतरी शिट्टी मारली.

"डावा पाय वर घ्या!" मी खिडकीपाशी धावत म्हटलं. "खाली असला की दाबणारच तो. माझ्यासारखी मांडी घाला!"

त्याने गुडघ्याला हात लावला. गुडघा वाकवून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं त्याने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"मांडी न्हाय घालता येत," तो म्हणाला. अगदी हळू. "गुडघा दुखतो."

वाक्य संपलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. तो उतरला, दाराला धरून. मी चढले, पाय दुमडला आणि गाडी एका झटक्यात किचनच्या दाराशी लावली. निशाताईंनी टोपलीत हात घातला, भाकरी मोडून बघितली, आणि टोपली सरळ पंगतीकडे पाठवली. आमच्याकडे हेच कौतुक.

रामनाथने शेठला फोन लावला. "बिनगिअरची आमची. दिव्याचं बघू. केसरीला सोड." पलीकडून केसरीनाथचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला, "चालवणार कोण?"

"जिला मांडी घालता येते ती," रामनाथ म्हणाला आणि फोन ठेवला.

आमच्याकडे साखरपुड्याला गाडीच्या ड्रायव्हरला पहिलं ताट देतात, त्याला परत जायचं असतं म्हणून. मटण, वरून भाकरी, गरम. एक पोरगी ताट घेऊन आली, इकडे तिकडे बघत रामनाथकडे गेली.

"ए, ते इकडे आण," मी सीटवरूनच म्हटलं.

इतकी वर्षं भाकऱ्या केल्या, लोकांच्या मांडवात माझी भाकरी मी कधी पहिल्या पंगतीला खाल्ली नव्हती. चांगली असते. थोडं मीठ कमी.

"आणि मला?" दाराशी उभा राहून रामनाथ म्हणाला.

"तुम्ही क्लीनर," मी तोंडातला घास गिळून म्हटलं. "क्लीनरचं ताट मागून येतं."