उभ्या गाडीचा काटा

पंढरीनाथ गाडी चालवायला बसले की आधी चष्मा पुसत, मग समोरची काच पुसत आणि मग इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याला डोळा लावत. भुसावळला सारी नोकरी रेल्वेच्या कोळशाच्या इंजिनावर काढलेला माणूस. पोराची, प्रभाकरची, बदली जयपूरला झाली म्हणून दुर्गापुऱ्यात आले आणि पोरानं घेतलेल्या जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे ड्रायव्हर झाले. सुनेला, म्हणजे रमाला, सकाळी झालान्याच्या सरकारी कचेरीत सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं. तेवढ्यावर त्यांचा सारा दिवस उभा होता.

आणि तीच गाडी प्रभाकर आता विकायला निघाला होता. त्याचंही खोटं नव्हतं. गाडी पेट्रोल नुसती ढोसत होती, अ‍ॅव्हरेजच्या नावानं बोंब. त्यात सुट्टीच्या दिवशी त्यानं स्वतः चालवून पाहिली, तर गाडी थांबली रे थांबली की काटा खाली. "इंजिन थकलंय, बाबा," एवढंच म्हणून त्यानं सीतापुऱ्याच्या, जुन्या गाड्या घेणाऱ्या नंदकिशोरला रविवारी गाडी बघायला बोलावलं. विमा कंपनीत साहेब झालं म्हणून यंत्राची नाडी कळतेच असं थोडंच आहे! बाबा अर्धी भाकरी टाकून उठले. रमाला ते बघवेना. गाडी गेली की हा माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

शुक्रवारी परतताना रेल्वेचं फाटक बंद लागलं. पुढे ट्रक, उंटगाड्या, स्कूटरवाले. बाबांनी गाडी न्यूट्रलला टाकली, पण उजवा पाय दाबूनच धरला. गाडी जागच्या जागी गुरगुरत राहिली, काटा पन्नासावर ताठ. रमा हे रोज ऐकत होती, पण आज गाडी जाणार म्हणून तिचं तिकडे ध्यान गेलं.

"बाबा, गाडी तर उभी आहे. पाय कशाला?"

"काटा पडतो ना!" बाबांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "सिग्नलले उभं राहून वाफ पडू दिली, तो ड्रायव्हर कसला? सिग्नल मिळाला की लगेच निघता आलं पाह्यजे. माह्या इंजिनाचा काटा मी कधी पडू दिला नाही."

रमाला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. इंजिन थकलंच नव्हतं. बाबांची सारी नोकरी त्या उजव्या पायात उतरली होती आणि प्रत्येक थांब्यावर पेट्रोल जाळत होती. पण हे सांगायचं कसं? गाडी वाचवायची तर बाबांना त्यांची चूक दाखवायला हवी. आणि ज्यांनी हजारो माणसं सुखरूप घरी पोचवली, त्यांना चूक दाखवणारी आपण कोण?

शेवटी तिनं नुसतं विचारलं, "बाबा, हा काटा वाफेचा आहे का?"

"वाफ कुठली इथं? तेलाचा आहे."

"मग तेल कोण ढकलतं?"

"पंप. इंजिन फिरलं की तो फिरतो, अन् इंजिन हळू झालं की..." बाबा मध्येच थांबले. काट्याकडे बघत राहिले. "आमच्या इंजिनावर बी तेलाचा पंप होता. चाकं थांबली की तो थांबे. त्याले मी कधी बोल लावला नाही."

त्यांनी पाय उचलला. इंजिन मंद झालं, काटा घसरू लागला. स्टिअरिंगवरची त्यांची मूठ आवळली. पाय पुन्हा खाली जाऊ पाहत होता, पण त्यांनी तो आवरला. काटा विसाच्या आसपास येऊन स्थिर झाला. समोरून आगगाडी धडधडत गेली. इंजिन दिसलं की मान वळवल्याशिवाय न राहणारा हा माणूस, पण आज त्यांनी काट्यावरची नजर काढली नाही.

"गरम इंजिन, उभी गाडी. एवढं पुरे त्याले," ते हळूच म्हणाले. "धावताना पडला, तर घाबरायचं."

आपल्याला भाजीत मीठ जास्त पडलं तरी कबूल करताना जीव जड होतो, रमाच्या मनात आलं. आणि या माणसानं जन्माची सवय एका फाटकावर उतरवून ठेवली, तीही न चिडता. तिला त्यांचा फार अभिमान वाटला.

रविवारी नंदकिशोर आला. बॉनेट उघडून, इंजिन चालू करून ऐकत उभा राहिला. प्रभाकर प्रामाणिक माणूस, त्यानं काही लपवलं नाही. "गाडी रुकते ही सुई गिरती है, और एवरेज भी नहीं है जी."

"सुई तो गिरेगीच," पायरी उतरता उतरता बाबा आपल्या भुसावळी हिंदीत म्हणाले. "इंजन एकदम अच्छा है. खराबी ड्राइवर में थी. खड़ी गाड़ी में पाँव दबा के बैठता था."

प्रभाकर बघतच राहिला. बाबांनी कधी कुणापुढे चूक कबूल केलेली त्यानं पाहिली नव्हती, आणि आज तर परक्या माणसासमोर!

नंदकिशोर हसला. "तो फिर ड्राइवर बदल दो साहब, गाड़ी क्यों बेचते हो?"

प्रभाकरनं बॉनेट लावलं. हात झटकले.

"नहीं जी," तो म्हणाला, "ड्राइवर तो यही रहेगा."

आणि किल्ली बाबांच्या हातात देऊन तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला.