मागच्या खोलीपर्यंतची तार

“गेलं! बाबा, पुन्हा गेलं!”

मागच्या खोलीतून सुनेचा आवाज आला तसे जॉइंटरकाका चहाचा कप हातात तसाच घेऊन तिकडे गेले. सून कॉम्प्युटरसमोर बसली होती. सातवा महिना, त्यामुळे खुर्ची टेबलापासून लांब आणि हात पुढे ताणलेले. पडद्यावर एक छोटं चक्र गरगरत होतं. कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेल्या बोटभर वाय-फाय डोंगलचा निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

“किती वेळ टिकलं?”

“अकरा मिनिटं. सकाळी नऊच टिकलं होतं. म्हणजे प्रगती आहे.” ती हसली, पण ते हसू उसनं होतं.

ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात होती. डॉक्टर बोलून ठेवत, ते ऐकून ती रिपोर्ट टाइप करी. चुका शोधूनही सापडायच्या नाहीत, असा तिचा लौकिक. आता प्रवास बंद करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावल्यावर विभागाच्या मुख्य बाईंनी ऑफिसचा कॉम्प्युटरच तिच्या घरी पाठवला होता, पण एका अटीवर. सोमवारी दहा ते अकरा त्या स्वतः तिकडून लाइन तपासणार. त्या तासाभरात ती एकदाही तुटता कामा नये. तुटली, तर सक्तीची रजा आणि तिच्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी. मग परतल्यावर ती खुर्ची मिळेलच असं नाही.

कॉम्प्युटर दणकट होता, पण त्याच्या पोटात वाय-फाय नव्हतं. आणि इंटरनेटची पेटी पुढच्या खोलीत, थेट दरवाज्याशेजारी. मध्ये दोन जाड भिंती आणि काकूंचं लोखंडी कपाट. आज गुरुवार होता.

“तार टाकू या,” जॉइंटरकाका म्हणाले.

“बाबा, आता कोण तारा टाकतं? सगळं हवेतूनच जातं.”

ती सहज बोलून गेली. काकांनी कपातला थंड चहा एका घोटात संपवला आणि ते बाहेर आले.

तारा टाकण्यात आणि जोडण्यातच त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. टेलिफोन खात्यात ते जमिनीखालच्या केबली जोडत; म्हणून गल्लीत लहानथोर त्यांना जॉइंटरकाका म्हणायचे. एकदा खोदकामाच्या यंत्राने आठशे जोड्यांची केबल मधोमध कापली होती. काका खड्ड्यात उतरले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच वर आले. सोळाशे तारा, आणि एकही उलटसुलट नाही. आता त्या केबली जमिनीतच निकामी पडून होत्या. काही उपसून भंगारातही गेल्या. नवी लाइन काचेच्या धाग्यातून येई. तिच्यात काकांना जोडण्यासारखं काही नव्हतं. याचं त्यांना फार दुःख होतं असंही नाही. निवृत्तीनंतर माणसाने मागे वळून बघत बसू नये, असं ते इतरांना सांगत आणि बरेचदा स्वतःही पाळत.

शुक्रवारी सुनेने हरतऱ्हेने प्रयत्न करून पाहिला. जहाजावर नोकरी करणाऱ्या नवऱ्याने फोनवरून सल्ला दिला, की आत बसवायचं वाय-फायचं कार्ड मिळतं, ते घ्या. पण कॉम्प्युटरच्या झाकणावर ऑफिसचं सील होतं. ते फोडायची सोय नव्हती. मग मोबाइलवरून इंटरनेट घेऊन पाहिलं. ते झकास चाललं, पण वापरता वापरता मोबाइल तव्यासारखा तापला आणि शेवटी नवऱ्याच्या आत्याबाईंचा फोन आला तशी लाइन गपकन तुटली. आत्याबाई पाऊण तास बोलल्या. त्यानंतर तिने डोंगलला लांब वायर जोडली आणि ते कपाटाच्या मुठीला टांगलं. तिथे ते बावीस मिनिटं टिकलं. सून खुशीत आली. इतक्यात काकूंनी चादर काढायला कपाट उघडलं आणि डोंगल टपकन खाली पडलं.

“अगं बाई! मोडलं का गं?”

“नाही आई, शाबूत आहे. पण तुम्ही सोमवारी अकरापर्यंत चादरी काढायच्या नाहीत.”

“आणि कॉम्प्युटरच पुढच्या खोलीत आणला तर?”

“तिथे दिवसभर दाराची घंटा, तुमचं मशीन, येणारंजाणारं. मला डॉक्टरांचं पुटपुटणं ऐकायचं असतं, आई. ते मुळातच तोंडातल्या तोंडात बोलतात.”

काकू कपडे दुरुस्त करून द्यायच्या. पूर्वी शिंप्याच्या दुकानात, आता घरी. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणाचं मशीन सकाळपासून घरघरत असे.

संध्याकाळी सून स्वतःच काकांजवळ येऊन बसली. “बाबा, काल मी उगाच बोलले. तारेचं खरंच जमेल का?”

“जमेल का म्हणजे?” काका म्हणाले, पण राग कुठल्या कुठे पळाला होता. फूटपट्टी घेऊन ते तेव्हाच उठले.

शनिवारी सकाळी ते दुकानात गेले. दुकानदाराने दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली तयार केबल पुढे केली. “काका, ही घ्या. नेली की खोचली. डोक्याला ताप नाही.”

“ही वीस मीटर. मला सतरा हवी. उरलेल्या तीन मीटरचं काय करू, गळ्यात घालू? सुटी तार दे, कनेक्टर दे आणि टोकं दाबायची पक्कड दे. टोकं मी करतो. खात्यात शेवटची दोन वर्षं हेच केलंय.”

त्या दिवशी काकांना बघणं हा एक सोहळाच होता. गुडघे टेकून, पेन्सिल कानावर ठेवून ते भिंतीच्या कडेने सरकत होते. दर वीतभर अंतरावर एक खिळा, वळणावर तार मोडू नये म्हणून गोलाई, भिंतीतलं छिद्र किंचित तिरपं. मागच्या खोलीत हातभर जास्तीची तार गुंडाळून ठेवायला त्यांनी एक छोटी पांढरी पेटी बसवली. चारपर्यंत तार अशी बसली, की भिंतीबरोबरच बांधली असावी.

राहिली होती फक्त दोन टोकं. तारेच्या पोटात आठ बारीक तारा, प्रत्येक वेगळ्या रंगाची. त्या ठरलेल्या क्रमाने लावून कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि पकडीने दाबायच्या. काका खिडकीशी बसले. वरचं आवरण सोललं, आठ तारा पंख्यासारख्या पसरल्या आणि ते थांबले.

नारिंगी कुठली आणि तपकिरी कुठली?

त्यांनी चष्मा पुसला. तारा उन्हात धरल्या. दोन्ही एकाच कढीत बुडवून काढल्यासारख्या दिसत होत्या. निळ्या आणि हिरव्याचंही तेच. शेवटी दोन्ही टोकांना अंदाजाने लावल्या आणि दाबल्या. सुनेने टोक खोचलं. दिवा लागला नाही. काकांनी टोक कापून दुसरं केलं. नाही. तिसरं केलं. नाही. फरशीवर कापलेल्या कनेक्टरांचा ढीग पडला.

“बाबा,” सून हळूच म्हणाली, “दुकान अजून उघडं असेल. ती तयार केबल…”

“मालच खराब आहे!” काका एकदम कडाडले. “हल्ली रंगसुद्धा धड देत नाहीत तारांना!”

सुनेने हातातलं टोक खाली ठेवलं. या घरात तिच्यावर कोणी आवाज चढवल्याची ही पहिलीच वेळ होती. काकांनी पक्कड खाली ठेवली, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले.

कोपऱ्यापर्यंत जाऊन ते कट्ट्यावर टेकले. समोर फळवाल्याची गाडी होती. तिथे संत्री असावीत. मोसंबीही असतील. खात्री देता येईना. माल खराब नाही, हे त्यांना तिसऱ्या कनेक्टरलाच कळलं होतं. तारेचं टोक हातात घेऊन आपण चाचपडलो, आणि त्या पोरीवर खेकसलो. पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरीच त्यांना जास्त टोचत होती. सोमवारला एकच दिवस उरला होता, आणि खुर्ची तिची जाणार होती, त्यांची नव्हे.

ते घरी परतले ते थेट काकूंच्या मशीनपाशी. “जरा थांबव गं ते.”

मशीन थांबलं.

“मला रंग दिसत नाहीत. म्हणजे दिसतात, पण ओळखू येत नाहीत.”

“ठाऊक आहे,” काकू दोरा दातांनी तोडत म्हणाल्या.

“काय ठाऊक आहे?”

“वर्ष झालं. परवा लग्नाला गेलात तेव्हा एक मोजा हिरवा होता आणि एक तपकिरी. मोतीबिंदू असणार. माझ्या भावालाही असंच झालं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही म्हणाला असतात, मोजेच खराब आहेत.”

काकांनी बायकोकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. तिथे सून उभी होती आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती. काकांना आधी कसंसंच झालं, आणि मग त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“बाळ, मघाशी मी ओरडलो,” हसू ओसरल्यावर काका म्हणाले. “चुकलंच माझं.”

“टोकं उद्या करू या,” सून म्हणाली. “भरपूर उजेडात. आणि जमलं नाही तर दुकान रविवारीही उघडं असतं. चालेल?”

“चालेल,” काका म्हणाले. हे म्हणणं त्यांना सोपं गेलं नाही, पण त्यांनी ते मनापासून म्हटलं.

रविवारी सकाळी नवराबायको फरशीवर मांडी घालून समोरासमोर बसली. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी काकांचं काम कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ठाऊक होते ते जोडाच्या मेणाने माखलेले हात आणि मातीने भरलेले बूट.

“नारिंगी-पांढरी दे.”

काकूंनी तारा न्याहाळल्या. “ही नारिंगी नाही हो. गाजरी आहे.”

“आमच्यात तिला नारिंगीच म्हणतात.”

“तुमच्यात म्हणत असतील. मी या रंगाचा दोरा नारिंगी म्हणून लावला असता, तर गिऱ्हाईक परत आलं असतं.” पण त्यांनी तार अचूक काढून दिली. “ही घ्या. आता?”

“नुसती नारिंगी. मग हिरवी-पांढरी. मग निळी.”

काकू रंग सांगत, काका चिमटीने तार सरळ करून ओळीत बसवत. बोटं जराही कापत नव्हती. निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. आठही तारा एका रेषेत कापून त्यांनी कनेक्टरमध्ये सरकवल्या. काकूंनी तो डोळ्यांजवळ नेऊन क्रम पुन्हा मोठ्याने वाचला, आणि मगच काकांनी पक्कड दाबली. दुसऱ्या टोकाच्या वेळी तर सांगावंही लागलं नाही. काकू क्रमाने तारा देत गेल्या.

सुनेने टोक खोचलं. हिरवा दिवा लागला, आणि लागूनच राहिला.

“हिरवाच आहे ना?” काकांनी विचारलं.

“हिरवाच,” दोघी एकदम म्हणाल्या.

सोमवारी दहा वाजता मागच्या खोलीचं दार बंद झालं. काकूंनी मशीन बंद ठेवलं. आत्याबाईंना आधीच फोन करून झाला होता. काका बाहेर खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्राचं एकच पान तासभर वाचत राहिले. साडेदहाला आतून सुनेचा कोणाशी तरी बोलण्याचा आवाज आला, तसे ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं.

“एकदाही नाही तुटली,” सून म्हणाली. “बाई म्हणाल्या, इतकी स्थिर लाइन तर आमच्या ऑफिसातही नाही. कोणाकडून बसवून घेतली, म्हणून विचारत होत्या.”

“मग काय सांगितलंस?”

“सांगितलं, घरातलीच माणसं आहेत. आणि बाबा, आमच्याच हॉस्पिटलमध्ये डोळ्यांच्या विभागात तुमचं नाव घातलंय. गुरुवारी तपासणी. तारीख बदलून मिळणार नाही, हे आधीच सांगते.”

“मी कुठे बदला म्हणतोय?” काका म्हणाले.

ती पुन्हा कामाला बसली. काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीपाशी वाकले. लाइनची तपासणी होईपर्यंत झाकण लावायचं नाही, ही खात्याची शिस्त होती. गुंडाळलेली तार त्यांनी नीट बसवली आणि खिशातून कागदाची एक चिठ्ठी काढली.

“हे काय?” मागून काकूंनी विचारलं.

“जोड बंद करण्याआधी आत चिठ्ठी ठेवायची असते. कोणी जोडला आणि कधी. वरून दिसत नाही. पुढे कधी कोणी उघडलं, तर त्याला कळतं.”

त्यांनी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून तारीख लिहिली, खाली आपलं नाव लिहिलं. मग पेन बायकोपुढे धरलं.

“मी काय जोडलं?”

“लिही.”

काकूंनी पदराला हात पुसले. सुनेने कानांवरचा हेडफोन बाजूला सारून टेबलावर जागा करून दिली. काकूंनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, नवऱ्याच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून त्यावर हलकी फुंकर मारली.

काकांनी चिठ्ठीची घडी घातली, तारेच्या वेटोळ्यात सरकवली आणि झाकणाचे चारही स्क्रू घट्ट आवळले.