पडद्यामागचा चाकू

मी चाकू आहे असे म्हणताच तुमच्यापैकी काही जण एक पाऊल मागे सरकले. सरका, मित्रांनो. मला त्याची सवय आहे. पण मी भांडणातला चाकू नव्हे. मी खिशातला, मिटणारा, जुना, कामाचा चाकू आहे. आजवर मी कोणाच्या अंगाला लागलेलो नाही, आणि तरीही माझ्यामुळे एका भल्या माणसाचे वाटोळे झाले. ते कसे झाले, तेच सांगायचे आहे.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. माझे पाते भट्टीत लालभडक तापवले, मग चर्रकन तेलात बुडवले. मुठीला दोन्ही बाजूंनी गडद लाकडाच्या फळ्या बसवल्या. पाठीवर पोलादी पट्टीचा खटका लावला. पाते पूर्ण उघडले की तो खटका खाचेत बसतो आणि दाबल्याशिवाय पाते मिटत नाही. दिसायला मी अगदीच साधा होतो. त्यामुळे दुकानात माझी जागा मागच्या बाजूला, चकचकीत भावंडांच्या आड.

एके दिवशी दुकानात एक जोडपे आले. पुरुष उंच, किरकोळ अंगाचा. त्याच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. तो नाट्यगृहात पडदे आणि दोर सांभाळायचा. त्याच्या हातची गाठ कधी सुटत नसे, म्हणून तिथे सगळे त्याला गाठीकाका म्हणत. त्याची बायको त्याच नाट्यगृहात कपडेपट सांभाळायची. तिला सगळे मावशी म्हणत.

दुकानदाराने एक जाडजूड चाकू पुढे केला. "हा घ्या. यात सगळं आहे. कात्री, करवत, बूच काढायचा स्क्रू, वर कानकोरणंसुद्धा!"

"यांना हाक मारली तर ऐकू येत नाही ते खरं," मावशी म्हणाल्या, "पण कान कोरायला चाकू नकोय आम्हाला."

"दोर कापायचाय," गाठीकाका म्हणाले. "जुन्याला खटका नव्हता. दोर कापता कापता मिटला तो अंगठ्यावर. रोज खिशात ठेवायचा, तर भरवशाचा हवा."

मग त्यांनी एकेक चाकू हातात घ्यायला सुरुवात केली. एकाचे पाते उघडल्यावर डुगडुगत होते, तो बाजूला. एक इतका जड की खिसा लोंबेल, तोही बाजूला. एकाची मूठ सुंदर, पण घामेजल्या हातातून सटकेल अशी गुळगुळीत. एकाचे पाते लांबलचक. "याने काय कलिंगड कापायचंय?" असे पुटपुटत तोही त्यांनी ठेवून दिला. शेवटी मी त्यांच्या हातात आलो. त्यांनी मला एकाच अंगठ्याने उघडले. पात्याचे टोक धरून हलवून पाहिले. खटका न दाबता मला काउंटरच्या कडेवर उलटा टेकवून मिटवायचा प्रयत्न केला. मी मिटलो नाही.

"हाच," काका म्हणाले.

"रूपाने यथातथाच आहे," मावशी म्हणाल्या.

"तू मला पसंत केलंस तेव्हा रूप पाहिलं होतंस का?"

दुकानदारही हसला. आणि मी त्या खिशात राहायला गेलो.

मित्रांनो, ते दिवस माझे सुखाचे होते. नाट्यगृहात पडद्यापुढे जे दिसते, ते पडद्यामागच्या दोरांवर चालते. मी दोरांची टोके कापली, रंगाच्या डब्यांच्या सुतळ्या तोडल्या, मावशींच्या टेबलावरचे चिवट धागेही तोडले. संध्याकाळी काका माझे पाते कोरड्या फडक्याने पुसायचे आणि सांध्यात तेलाचा थेंब सोडायचे. दगडावर धार लावताना ते गुणगुणायचे. माझी कोणी स्तुती केली नाही, पण ज्याच्यावाचून काम अडते त्याला स्तुतीची फारशी गरजही नसते.

त्या नाट्यगृहात एक प्रसिद्ध नट होते. त्यांना सगळे नायकसाहेब म्हणत. त्यांच्या नावावर तिकिटे खपायची. नव्या नाटकाची रंगीत तालीम होती. त्यासाठी एक भला मोठा चित्रपडदा तयार झाला होता. त्यावर समुद्र रंगवला होता. व्यवस्थापक येणाऱ्याजाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवत होते.

पडदा दोराला बांधलेला असतो. दोर वर चाकावरून फिरून पलीकडे येतो आणि त्या टोकाला वाळूने भरलेली वजनदार पिशवी असते. पडदा खाली आला की पिशवी वर जाते. म्हणून पडदा सोडण्यापूर्वी ओरडून सांगायचे, ही तिथली पद्धत.

"पडदा खाली! बाजूला व्हा!" काका ओरडले. मी त्यांच्या खिशात होतो. माझ्या मुठीपर्यंत तो आवाज घुमला.

पडदा सुटला. त्याच क्षणी मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून एक गुदमरलेला आवाज आला. नायकसाहेब त्या पिशवीला टेकून चोरून सिगारेट ओढत होते. तिथे काडी ओढायलाही बंदी होती. काकांचा इशारा त्यांनी ऐकला होता, पण शेवटचा एक झुरका राहिला होता. त्यांच्या वेषातला लांब मफलर पिशवीच्या गाठीत गुंतला आणि पिशवी वर निघाली. मफलर गळ्याला आवळला. पाय जमिनीवरून सुटले.

काका धावले. एका हाताने त्यांनी स्टूल ओढले, दुसऱ्या हाताने मला उघडले. मफलर गळ्यात रुतला होता आणि नायकसाहेब तडफडत होते. तिथे पाते लावले असते, तर मफलरऐवजी गळाच कापला गेला असता. काकांनी क्षणभर वर पाहिले आणि गाठीच्या वर, ताणलेल्या दोरावर मला टेकवले. मी माझी सगळी धार पणाला लावली. दोर तुटला.

नायकसाहेब खाली पडले, खोकत, पण जिवंत. पिशवी काकांच्या पावलावर आदळली. आणि समुद्राचा तो पडदा वरून धाडकन कोसळला. खालच्या लाकडी जहाजावर पडून तो मधोमध फाटला, जहाजाचाही चक्काचूर झाला.

सगळे धावत आले. व्यवस्थापकांनी आधी पडद्याकडे पाहिले, मग माणसांकडे.

"हे कोणी केलं?"

काका पाऊल धरून बसले होते. मी त्यांच्या हातात उघडाच होतो. सिगारेट नायकसाहेबांनी केव्हाच बुटाखाली चिरडून लाथेने सारली होती.

"मला काही कळलंच नाही," नायकसाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी माझी वाक्यं आठवत उभा होतो. कोणी आवाजच दिला नाही."

काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले.

"आवाज दिला होता!" कपडेपटाच्या दारातून मावशी म्हणाल्या. "मी इतक्या लांब ऐकला."

"तुम्ही त्यांची बायको," व्यवस्थापक म्हणाले. "तुम्ही दुसरं काय म्हणणार?" आवाज बाकीच्यांनीही ऐकला होता, पण नायकसाहेबांच्या विरुद्ध कोण बोलणार?

काकांचे काम गेले. मला व्यवस्थापकांनी त्यांच्या हातातून काढून घेतले. "चौकशी होईपर्यंत हा इथेच राहील," ते म्हणाले. चौकशी कधी झालीच नाही. पाऊल बरे झाले, पण वाकडे. घर चालायला हवे म्हणून मावशी तिथेच राबत राहिल्या. ज्या माणसाने त्यांच्या नवऱ्याला तोंडघशी पाडले, त्याच्याच कोटाला इस्त्री करत राहिल्या.

मी व्यवस्थापकांच्या टेबलाच्या खणात पडलो. तिथे मला कोणी पुसले नाही. माझ्या पात्याने रंगाच्या डब्यांची झाकणे उचकटली आणि त्यात माझे टोक मोडले. सांध्यात गंज धरला. काका अधूनमधून लंगडत यायचे. "साहेब, निदान चाकू तेवढा द्या," म्हणायचे. "बघू," व्यवस्थापक म्हणायचे, मान वर न करता. पुढे काकांनी येणे सोडले.

एकदा व्यवस्थापक बाहेर गेले होते आणि नायकसाहेब खोलीत चहा पीत बसले होते. मावशी आत आल्या आणि दार लोटून घेतले.

"साहेब, एक विचारायचंय."

"विचारा की, मावशी."

"तुम्ही आवाज ऐकला होता ना?"

पेला बशीवर टेकल्याचा आवाज झाला.

"ऐकला होता," ते हळूच म्हणाले. "पण आता ते उकरून काय उपयोग? लोक म्हणतील, एका सिगारेटपायी याने... माझं नाव आहे, मावशी."

"त्यांचंही होतं. तुमच्याइतकं मोठं नसेल." मावशी टेबलाजवळ आल्या. "मला दुसरं काही नको. त्यांच्यासमोर येऊन एवढं म्हणा, की गाठीकाका, तुम्ही आवाज दिला होता. एक वाक्य. तुम्ही तर पानंच्या पानं पाठ म्हणता."

"म्हणेन. जरा हा दौरा आटपू दे."

दौरे आटपले, नवे निघाले. ते वाक्य काही त्यांच्या तोंडून आले नाही.

मग नायकसाहेबांचा मोठा सत्कार झाला. नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात त्यांच्या वस्तूंसाठी काचेचे कपाट उभे राहिले. त्यात त्यांचा टोप ठेवला, चष्मा ठेवला, काठी ठेवली. आणखी काय ठेवावे, असा प्रश्न पडला तेव्हा व्यवस्थापकांना मी आठवलो. कोणीतरी मला काचकागदाने खसाखसा घासले. गंज गेला, त्याबरोबर काकांनी लावलेली धारही गेली. मखमलीवर पडल्या पडल्या मी दालनात लावलेल्या कर्ण्यातून नायकसाहेबांचे भाषण ऐकले.

"रसिकहो, मृत्यू मी जवळून पाहिला आहे. गळ्याला फास बसला होता, पाय अधांतरी होते. पण मी डोकं शांत ठेवलं. खिशातून चाकू काढला आणि दोर कापला!"

टाळ्या थांबता थांबेनात. मित्रांनो, मला हात असते तर मी कान झाकले असते.

मावशींच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता, तेव्हा काका त्यांना न्यायला आले. त्या दिवशी एका शाळेची सहल आली होती. रखवालदार मुलांना कपाटापुढे उभे करून तीच गोष्ट रंगवून सांगत होता. माझ्या मोडक्या टोकाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "बघा, केवढ्या जोराने कापला असेल!" काका आणि मावशी त्याच रांगेत अडकले होते. त्यांनी सगळे ऐकले.

काकांनी काचेजवळ चेहरा आणला. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखले. मी कसा ओळख देणार?

"खोटं आहे हे," मावशी मोठ्याने म्हणाल्या. "मुलांनो, दोर यांनी कापला होता. यांनी!"

मुलांनी वळून काकांकडे पाहिले. एक लंगडा म्हातारा, कोपरावर ठिगळ लावलेला सदरा. कोणीतरी फिसकन हसले.

"मावशी, पुढे चला," रखवालदार म्हणाला. "मागे रांग खोळंबलीय."

"चल गं," काका म्हणाले. त्यांनी मावशींचा हात धरला आणि दोघे पुढे सरकले.

मित्रांनो, चाकूला कोरडे ठेवावे, सांध्यात तेल सोडावे, त्याच्या पात्याने झाकणे उचकटू नयेत. एवढे तुम्ही सहज शिकाल. पण एखादा माणूस स्वतःचे पाऊल चिरडून घेऊन तुम्हाला वाचवेल आणि नंतर त्याच्या बाजूने एकच वाक्य बोलायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा बोला. लगेच बोला. नाहीतर तुमच्या वस्तूंसाठीही काचेचे कपाट होईल, लोक टाळ्या वाजवतील, आणि आतली एकेक वस्तू जन्मभर तुमची लाज बाळगत पडून राहील.