पाखऱ्या नावाची मोटार आणि मी

मित्रांनो, मी विजेच्या मोटारीचा एक जुना कंट्रोलर आहे आणि मनाने फारसा चांगला नाही. १९३५ साली वलवणच्या धरणाजवळ, रुळांवरून सिमेंटची पोती वाहणाऱ्या एका ट्रॉलीवर मला बसवले. बॅटरीतली वीज चाके फिरवणाऱ्या मोटारीला किती द्यायची, हे काम माझे. माझी मूठ एकेक टप्पा फिरवली की आतल्या तांब्याच्या पट्ट्या जुळत आणि ट्रॉलीचा वेग वाढे.

पण कौतुक? ते सगळे मोटारीचे! ट्रॉली चालवणारा महिपती जवळच्या कुरवंडे गावचा, आधी बैलगाडी हाकणारा. मोटार त्याला बैलच वाटे. त्याने तिचे नाव ठेवले पाखऱ्या! वळणावर वेग कमी करायचा मी, आणि हा तिला थोपटून म्हणायचा, "शाब्बास रं पाखऱ्या! लय गुणाचं जनावर!" तिला रोज पुसणे काय, तेल घालणे काय! माझे झाकण मात्र त्याने तीन वर्षांत एकदाही उघडले नाही. हेव्याने माझा जीव नुसता तडफडे.

एके सकाळी दगड घसरून झुंबरबाईंचा पाय मोडला. त्या तिथे घमेली वाहत. रस्त्यापर्यंत न्यायला त्यांना ट्रॉलीवर निजवले. महिपतीने मूठ फिरवली, पण काजळी धरलेल्या माझ्या पट्ट्या नीट टेकेनात. ट्रॉलीने जोराचा हिसका दिला.

"आई गं! दमानं, भाऊ!" झुंबरबाई कळवळल्या.

"पाखऱ्या, अरं असं काय करतुयास?" महिपती रडकुंडीला आला.

खरे सांगतो, मला आनंद झाला. एकदा तरी तिला बोलणी बसली! दुसऱ्या हिसक्याला झुंबरबाईंची शुद्ध हरपली, तेव्हा तो आनंद कुठल्या कुठे गेला.

त्या वाचल्या, पण पाय आखूड राहिला. कामावरच्या साहेबांनी मोटार काढून मोडीत घातली. आणि मला काय वाटावे? दोषसुद्धा तिलाच मिळाला, माझी आठवण कोणालाच नाही!

नवी मोटार बसवली, तरी हिसके तसेच. तेव्हा चाँदभाई मिस्त्रींनी माझे झाकण उघडले.

"महिपतीभाऊ, मोटारीत खोट नव्हतीच. हे बघा, आत सगळं काळं ठिक्कर पडलंय."

सगळे वाकून माझ्याकडे पाहू लागले. इतकी वर्षे मला हेच तर हवे होते.

"मंग माजा पाखऱ्या उगाच गेला म्हना की," महिपती म्हणाला आणि खाली बसला.

आता तो दर सोमवारी माझ्या पट्ट्या घासतो, मुकाट्याने. मित्रांनो, यंत्र अडले तर आधी त्याचा झाकलेला भाग उघडून पाहा, आणि अडण्याआधीच तो पुसत जा. नव्या मोटारीला महिपती थोपटत नाही. मला हेवा वाटावा असे या ट्रॉलीवर आता कोणीच उरलेले नाही.