महाकासवाचा रस्सा

सोळा प्रवाशांच्या त्या छोट्या जहाजावर एक केबिन रिकामी राहिली, तेव्हा याडिराने कॅप्टनला गळ घालून आपल्या वडिलांना, एलिसेओंना, बरोबर घेतलं. ती गाईड होती. एलिसेओंनी जन्मभर याच गालापागोस बेटांभोवती मासेमारी केली होती. पण कुणीतरी आयती कॉफी हातात द्यावी आणि आपण नुसते डॉल्फिन बघत बसावं, हे सुख त्यांना नवीन होतं.

केबिन कपाटाएवढी, त्यात डिझेलचा वास. भर समुद्रात जहाज हेलकावे खाऊ लागलं की पाहुणे हिरवेनिळे पडायचे. एलिसेओ हसायचे, "एवढ्या लांबून ओकायला येतात होय गं हे?"

एकदा जेवताना हॅरिएट नावाच्या अमेरिकन बाईंनी विचारलं, "लहानपणी यांनी महाकासवं पाहिली असतील ना?"

याडिराने स्पॅनिशमध्ये विचारताच म्हातारा खुलला. "पाहिली? अगं, खाल्ली! तुझी आजी कच्ची केळी घालून असा रस्सा करायची, बोटं चाटत राहावं!"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. माणसांनी खाण्यासाठी कासवांची कशी कत्तल केली, हे त्याच सकाळी तिने त्यांना सांगितलं होतं. ती इंग्रजीत म्हणाली, "ते म्हणतात, आम्ही लहानपणापासून कासवांना जपत आलो."

टाळ्या पडल्या.

"मी एवढं बोललो, तू एवढंसंच सांगितलंस," पापा म्हणाले. "आणि टाळ्या कशाच्या?"

तिने माशाची ताटली त्यांच्यापुढे सरकवली. ते काय समजायचं ते समजले आणि मान खाली घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी कासवांपाशी हॅरिएटबाईंनी त्यांना उभं करून फोटो काढला. टोपी हातात धरून ते ताठ उभे राहिले. जहाज त्यांच्या गावाशी, विल्यामिलला लागताच ते पिशवी उचलून उतरायला निघाले.

"पापा, बरं वाटत नाहीये का?"

"ठणठणीत आहे मी. आईच्या हातच्या रश्श्याची लाज कधी वाटली नव्हती मला, पोरी. काल वाटली."

त्या संध्याकाळी याडिराने जेवणाच्या टेबलावर खरं काय ते सांगून टाकलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" हॅरिएटबाईंनी विचारलं. "वडिलांची लाज वाटली?"

"हो," ती म्हणाली, आणि उठून डेकवर गेली. तिने घरी फोन लावला. पापांनी उचलला आणि चालूच ठेवून बाजूला ठेवला. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. ती तो ऐकत उभी राहिली.